“पीटीची मॅडम होणार का?”

मे महिन्यातलं लग्न. मंगल कार्यालयातले पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते. पुढ्यात मसालेभात, जिलेबी, मठ्ठा, आणि शेजारच्या खुर्चीवर बँकेतून निवृत्त झालेले एक काका. माझी भाची पाण्याचा जग घेऊन समोरून गेली, तशी त्यांनी चौकशी केली, “काय करते ही?” मी सांगितलं, बी.एस्सी. करते, क्रीडा, व्यायाम आणि पोषण हा विषय आहे. काकांनी जिलेबीचं वेढं मोडलं. “म्हणजे पीटीची मॅडम होणार का?” आणि मग माझ्याकडे झुकून, आवाज उतरवून, “बारावीला मार्क कमी पडले असतील, नाही?”

बारावीला तिला ब्याऐंशी टक्के होते. मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काकांना आणखीच वाईट वाटलं असतं.

मी गेली वीस वर्षं एका शारीरिक शिक्षण महाविद्यालयात व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. साखरपुड्यात, बारशात, एसटीच्या बाकावर, एकदा तर तेराव्याच्या जेवणावळीत तो मला विचारला गेलाय. इतक्यांदा ऐकल्यामुळे या मताची बाजू मी काकांपेक्षा बरी मांडू शकतो. ती अशी: खेळ अंगात असावा लागतो, वर्गात बसून येत नाही. व्यायाम म्हणजे पहाटे उठून घाम गाळणं, त्याला पुस्तक कशाला? खाण्याचं म्हणाल तर आमच्या आजीला प्रोटीन हा शब्द ठाऊक नव्हता आणि ती नव्वदीपर्यंत जगली. खाशाबा जाधवांनी कुठे क्रीडाविज्ञानाची पदवी घेतली होती? तेव्हा हे सगळं परदेशी खूळ आहे, ज्यांना इंजिनिअरिंग-मेडिकल सोडा, फार्मसीही जमत नाही त्यांची तीन वर्षांची सोय आहे, आणि शेवटी हातात येते ती शिट्टी.

खाशाबांपासूनच सुरुवात करू, कारण त्यांचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसतो असा या मंडळींचा अनुभव आहे.

१९५२, हेलसिंकी. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कराडजवळच्या गोळेश्वरचा मल्ल. आता गोष्टीचा जो भाग सांगायचा राहून जातो तो ऐका. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांना हेलसिंकीला पाठवायला पैसे कमी पडले तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कॉलेजाचा आणि खेळाचा काय संबंध, असं विचारणाऱ्याने खाशाबांचं नाव तरी घेऊ नये. त्याआधी १९४८ साली लंडनला ते सहावे आले. लाल मातीच्या हौद्यात वाढलेला हा गडी तिथे मॅटवर उतरला होता, आंतरराष्ट्रीय नियमही नवेच होते, आणि त्या तयारीत त्यांना हात दिला तो रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने. हेलसिंकीला जपानच्या इशीशी दमछाक करणारी लढत झाली. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विसावा मिळावा असा नियम होता. पण तो मागायला, भांडून घ्यायला खाशाबांच्या बाजूने तिथे भारतीय अधिकारीच नव्हता असं सांगितलं जातं. थकल्या अंगाने ते लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे राहिले आणि हरले. ब्राँझ आलं.

म्हणजे ज्यांच्या नावाने ‘अभ्यास कशाला’ म्हणायचं, त्यांच्याच कुस्तीत मॅटचा अभ्यास कमी पडला, नियमांचा कमी पडला, आणि थकलेल्या स्नायूला अर्ध्या तासात काय परत मिळतं हे जाणणारं शेजारी कोणी नव्हतं. खाशाबा कशाच्या जोरावर जिंकले हे आपण सत्तर वर्षं कौतुकाने सांगतोय. कशावाचून रंग बदलला, हे कधी विचारणार?

‘खेळ अंगात असावा लागतो’ हे वाक्य तर इतकं खरं आहे की त्याचा काही उपयोग नाही. शेतीही शेतकऱ्याच्या अंगात असते. म्हणून राहुरीचं कृषी विद्यापीठ बंद करून तिथे मंगल कार्यालय काढायचं का? माती परीक्षण, बियाण्यांचे वाण, ठिबकचं गणित हे सगळं शिकणारा मुलगा बापापेक्षा चांगला नांगरतो असा दावा कोणी केला नाही. तसाच आमच्याकडे शिकणारा प्रत्येक जण हिंदकेसरी होईल, असंही आम्ही कधी म्हटलेलं नाही. हिंदकेसरी होऊ पाहणाऱ्याचा गुडघा बाविसाव्या वर्षी का जातो, हे आम्ही शिकवतो.

आता ‘सोपा विषय’.

काकांनी कधीतरी आमच्या प्रयोगशाळेत यावं. ट्रेडमिलवर एक मुलगी धावतेय, नाकातोंडावर मास्क, मास्कला नळी. दर मिनिटाला पट्ट्याचा चढ वाढतो. बाजूचा विद्यार्थी तिच्या कानाच्या पाळीतून सुईच्या टोकाएवढं रक्त घेतो, त्यातलं लॅक्टेट मोजायला. तिसरा पडद्यावरच्या दोन रेषांवर नजर लावून बसलाय: आत किती प्राणवायू गेला, बाहेर किती कर्बवायू आला. एका क्षणी चढ वाढतो पण प्राणवायूची रेषा वाढायची थांबते. तिच्या हृदयाची, फुप्फुसांची, रक्ताची मिळून ती कमाल. हा आकडा काढायला दहा-बारा मिनिटं लागतात. तो समजायला जीवरसायनशास्त्र लागतं, संख्याशास्त्र लागतं, आणि पहिल्या वर्षाला निम्मा वर्ग याच दोन पेपरांत गटांगळ्या खातो.

ही रेषा आपण आज गृहीत धरतो, पण तिच्यासाठी ए. व्ही. हिल नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ पाठीला पिशवी बांधून गवतावर गोल गोल धावला आणि आपलाच उच्छ्वास मोजत बसला. स्नायूंमधल्या उष्णतेवरच्या कामासाठी त्याला १९२२ चं नोबेल मिळालं. स्नायू आकुंचन पावतो तो लॅक्टिक आम्लामुळे, असं तेव्हा मानलं जाई. पुढे डॅनिश संशोधक लुंड्सगार्डने ते खोडून काढलं, तेव्हा खुद्द हिलने १९३२ साली लेख लिहून स्नायूंच्या शास्त्रात क्रांती झाल्याचं जाहीर केलं. क्रांती झाली ती त्याच्याच मताविरुद्ध! ‘माझं चुकलं’ असं म्हणणारा वस्ताद मी अजून पाहायचा आहे. (दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक ॲसिडमुळे, असं जिमवाले अजून सांगतात. व्यायाम संपल्यावर तासाभरात ते रक्तातून निघून गेलेलं असतं.)

आणि हा विषय फक्त पदकांचा आहे असं कोणी सांगितलं? लंडनच्या दुमजली बसचं उदाहरण मी दरवर्षी पहिल्या तासाला देतो, कारण मुंबईत बेस्टच्या दुमजली बसने फिरलेल्या कोणालाही ते डोळ्यांपुढे आणता येतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने पाहिलं की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो आणि जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. सामाजिक थर साधारण सारखाच, धूरही सारखाच. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. शंका निघाली की मुळात जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील. मग मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बस कंपनीच्या गणवेशाची मापं काढली. कंबर किती इंच, तिथवर गेले, आणि ड्रायव्हरांच्या पँटी खरोखरच रुंद निघाल्या. म्हणजे शंका काढणाऱ्याचं थोडंफार बरोबर होतं, आणि तेही त्यांनी छापलं. व्यायाम औषधासारखा मोजता येतो हे कळलं ते अशा शिंपीकामातून. त्याच ‘लॅन्सेट’च्या घराण्यातल्या नियतकालिकाने २०२४ साली सांगितलं की भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचालच करत नाहीत. निम्मा देश बसून आहे, आणि हालचालीचा अभ्यास करणाऱ्या पोरीला आपण विचारतोय की मार्क कमी पडले का.

परदेशी खूळ म्हणणाऱ्यांनी जरा लोणावळ्याला जाऊन यावं. चिक्की घ्यायला जातातच, दोन किलोमीटर पुढे जावं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया चक्क क्ष-किरणांखाली आणि दाबमापकावर घातल्या. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब वातावरणाच्या खाली जातो हे त्यांनी मोजलं आणि आपल्या गुरूंच्या नावाने त्याला ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटलं. ‘योगमीमांसा’ नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. अमेरिकेत हार्वर्डची थकव्यावरची प्रसिद्ध प्रयोगशाळा १९२७ ची, हे आधीचं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, त्यांच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवले. बडोद्याहून मराठीत व्यायाम ज्ञानकोश निघाला, दहा खंडांचा. आमच्या परंपरेत सगळं आहे, असं छाती फुगवून सांगणाऱ्यांना त्या परंपरेत मोजपट्टी होती हेच ठाऊक नसतं.

आजीकडे येतो. आजीबद्दल वाकडं बोलायची माझी हिंमत नाही, कारण माझ्याही आजीची भाकरी होती. ज्वारीत लायसिन कमी, तुरीच्या डाळीत मेथिओनिन कमी, दोन्ही एका ताटात आली की एकमेकींची उणीव भरून काढतात. आजीने हे शब्द न ऐकता ते ताट वाढलं, मान्य. पण आजीचं ताट आजीच्या कामाला बेतलेलं होतं. पहाटे जातं, मग विहीर, मग रान. तिच्या नातवाने ताट तेच ठेवलं, वर तूप वाढवलं, आणि जातं, विहीर, रान तिन्ही काढून तिथे मोटरसायकल आणली. तालमीतला पैलवान बाराशे जोर आणि दोन हजार बैठका मारायचा तेव्हा बदामाची थंडाई त्याला शोभत होती. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही. चाळिशीनंतर साखरेच्या गोळ्या घेणारे माजी पैलवान तुमच्या गावात किती आहेत, मोजून पाहा.

आणि आजीचं ऐकायचं तर नीट ऐका ना! प्रत्यक्षात आजीचं नाव घेणाऱ्या याच घरांतली पोरं कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन-तीन हजार रुपयांचा पावडरीचा डबा आणतात. डब्यावर फुगलेल्या दंडाचं चित्र, आत चमचा. सांगितलं कोणी? ट्रेनरने. ट्रेनर शिकला कुठे? पंधरा दिवसांच्या कोर्सला, किंवा आरशासमोर. राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा साध्या माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांचा आहे. कसून सराव करणाऱ्याला क्रीडापोषणतज्ज्ञ १.२ ते २ सांगतात. सत्तर किलोच्या पोराने नेटाने व्यायाम केला तरी फार तर एकशेचाळीस ग्रॅमवर गाडी थांबते. डब्यातला चमचा देतो साधारण चोवीस ग्रॅम. तेवढं चार अंड्यांत मिळतं, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत मिळतं. हा हिशेब आमची दुसऱ्या वर्षाची मुलगी वहीच्या मागच्या पानावर करून देते, फुकट. तिला कोणी विचारत नाही. पावडर तरी एक वेळ परवडली. शस्त्रक्रियेत घसरलेला रक्तदाब सावरायला वापरतात ते मेफेंटरमाइनचं इंजेक्शन व्यायामशाळांच्या आसपास पकडल्याच्या बातम्या आपल्याच वर्तमानपत्रांत येतात. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर पळणाऱ्या पोरांच्या कानापर्यंतही ते पोचतं. शास्त्र शिकलेला माणूस नको म्हटलं की त्याची जागा रिकामी राहत नाही. तिथे विक्रेता येऊन बसतो.

एक प्रसंग सांगतो. लांब पल्ल्याची धावपटू, सतरा वर्षांची, खेड्यातून आलेली. वर्षभरात वजन उतरलं तशी वेळही सुधारली, सगळे खूश. मग नडगी दुखू लागली. तेल लावून झालं, शेकून झालं, एका जाणकाराने पाय ‘बसवून’ही दिला. एक्स-रे साफ. प्रशिक्षकांचं मत पडलं की पोरगी नाटकं करते. तिला आमच्याकडे कोणीतरी सहज म्हणून आणलं आणि शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तिला कोपऱ्यात नेऊन एकच प्रश्न विचारला, “पाळी कधी आली होती?” सात महिने आली नव्हती. घरी माहीत होतं. आई म्हणाली होती, बरंच झालं, सरावात कटकट नाही.

शरीराला पुरेसं अन्न मिळेनासं झालं की ते आधी जे तातडीचं नाही ते बंद करतं. पाळी थांबते, इस्ट्रोजेन उतरतं, हाडं विरळ होतात, आणि धावणारीच्या नडगीला केसाएवढी भेग पडते. एमआरआयमध्ये ती दिसली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या अवस्थेला २०१४ साली नाव दिलं, ते परीक्षेत विचारलं जातं, म्हणून त्या विद्यार्थिनीला ठाऊक होतं. परीक्षेसाठी पाठ केलेलं उत्तर! घरच्यांचं सामान्य ज्ञान, प्रशिक्षकांचा अनुभव आणि गावठी इलाज यांची सात महिन्यांची बेरीज त्या एका पाठांतरापुढे फिकी पडली. ‘अनुभवापुढे पुस्तक काय’ हे वाक्य त्यानंतर मला कोणी ऐकवलं की मी चहा मागवतो आणि ही गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

राहिला नोकरीचा मुद्दा. नोकऱ्या कमी आहेत. शाळांत शारीरिक शिक्षणाच्या जागा रिकाम्या, आणि पीटीच्या तासाला गणिताचे सर राहिलेला भाग पुरा करतात. काही विभागांत ट्रेडमिलवर उद्घाटनाचं प्लास्टिक अजून तसंच आहे, हेही मी पाहिलंय आणि त्याची मला लाज वाटते. पण जागा भरायच्या नाहीत, साधनं द्यायची नाहीत, आणि मग या शिक्षणाला किंमतच नाही म्हणायचं, हा विहिरीत दगड टाकून पाणी गढूळ म्हणण्याचा प्रकार झाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये दोन दिवस मात्र या विषयाला भलतीच किंमत आली होती. पॅरिस, पन्नास किलो गट. विनेश फोगाटने पहिल्या दिवशी वजन दिलं, तीन कुस्त्या मारल्या, पहिलीच जपानच्या सुसाकीविरुद्ध. संध्याकाळी काट्यावर २.७ किलो जास्त. रात्रभर व्यायाम, वाफ, अन्नपाणी बंद, केससुद्धा कापले. सकाळी शंभर ग्रॅम उरले आणि सगळं गेलं. त्या दिवशी काकांसकट उभा महाराष्ट्र आहारतज्ज्ञ झाला होता. शंभर ग्रॅम म्हणजे एक पेरू हो, असं मला तिघांनी फोन करून सांगितलं. मग लगेच प्रश्न, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते ना सोबत, काय दिवे लावले त्यांनी?

या प्रश्नात सगळं मत उघडं पडतं. शास्त्र नको असतं, चमत्कार हवा असतो. आटवलेल्या शरीरात पाणी आणि खाणं गेलं की ते स्पंजासारखं धरून ठेवतं. हे एका रात्रीत उलटवता येत नाही, कितीही पदव्या असल्या तरी. आधी त्रेपन्न किलोत खेळणारीने पन्नासमध्ये उतरावं का, हे महिनोन् महिने आधी ठरतं. आणि मल्लाला वजन आटवायची सवय तर त्याच्या चौदाव्या वर्षी, पॅरिसपासून फार दूर लागते. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन विद्यापीठीय मल्ल असं वजन उतरवताना मेले. पुढच्याच वर्षी तिथे नियम बदलले. रबरी सूट बंद, वाफेच्या खोल्या बंद, वजन घ्यायची वेळ कुस्तीच्या जवळ आणली, शरीरात पाणी पुरेसं आहे का ते तपासून मगच गट ठरू लागला. ते नियम लिहायला व्यायामशास्त्र शिकलेली माणसं लागली. ज्यांना आपण शिट्टीवाले म्हणतो, ती.

गेल्या हिवाळ्यात मी एका तालुक्याच्या कुस्ती स्पर्धेला गेलो होतो. शाळेचं पटांगण, सकाळचे सात, लोखंडी काटा. पंधरा वर्षांचा एक पोरगा अंगावर दोन स्वेटर आणि आत प्लास्टिकचा कागद गुंडाळून मैदानाला फेऱ्या मारत होता, हातात बाटली, दर चार पावलांवर तीत थुंकत होता. ओठ पांढरे. दीडशे ग्रॅम उतरायचे होते. मी त्याच्या वस्तादांना म्हटलं, याला बसवा, पाणी द्या, वरच्या गटात खेळवा. ते शांतपणे माझ्याकडे पाहत राहिले. मग शेजारच्याला विचारलं, “कोण हे?”

“कॉलेजातले पीटीचे सर,” तो म्हणाला. वस्तादांनी मान डोलावली आणि पोराला हाक मारली, “अजून दोन राऊंड मार रे.”